सात नंबरच्या प्रेसचे तीन स्तंभ

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यांतले बरेच तपशील आता पुसट झाले आहेत. ही तर साधी अकस्मात मृत्यूची नोंद होती, पण ती जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. तिच्यात माझीही चूक होती, म्हणून असेल.

तेव्हा मी नगर जिल्ह्यात, पुणे रस्त्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. हद्दीत औद्योगिक वसाहत होती. एका बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून फोन आला. सात नंबरच्या पॉवर प्रेसवरचा, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवरचा ऑपरेटर, वय एकोणतीस, अडकलेला तुकडा काढायला वाकला आणि प्रेस खाली आला होता. नगरच्या रुग्णालयात पोहोचण्याआधी, रस्त्यातच त्याचा जीव गेला.

मी स्वतः जाऊन पंचनामा केला. प्रेसच्या तोंडाशी जी लोखंडी जाळी असायला हवी, ती जागेवर नव्हती. कागदावर तिला सेफ्टी गार्ड म्हणतात, कामगार नुसतं जाळी म्हणतात. ती बसवलेली असली की हात आत जातच नाही. तुकडा अडकला तर मशीन थांबवायचं, जाळी उघडायची, तुकडा काढायचा, जाळी लावायची आणि मग पुढचं काम. यात वेळ जातो. जाळी नसली की माणूस सरळ हात घालतो.

मयताच्या पिशवीत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, मोबाईल आणि एक पाना मिळाला. पाना बघताच कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, "बघा साहेब, याच्याच पिशवीत आहे. जास्त माल काढायच्या नादात यानंच जाळी खोलली. आम्ही दहादा समजावलंय या लोकांना."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. दर महिन्याला नगरला अधीक्षक कार्यालयात क्राईम मीटिंग असायची. पडद्यावर जिल्ह्यातल्या ठाण्यांचे स्तंभालेख दाखवायचे, प्रत्येक ठाण्याचा एक स्तंभ. प्रलंबित अकस्मात मृत्यूंच्या आलेखात माझा स्तंभ दोन महिने सगळ्यांत उंच होता, आणि लाल. वरिष्ठ रागावले नव्हते. "तुमचा टॉवर कधी उतरणार?" एवढंच विचारलं, आणि सगळं सभागृह हसलं. रागावले असते तर बरं झालं असतं. हसणं मात्र माणसाच्या अंगात मुरतं. गाडीत बसल्यावर मी ठरवलं होतं, पुढच्या मीटिंगला हा स्तंभ खाली आलाच पाहिजे.

म्हणून आठ दिवसांत मी प्रकरण बंद करण्याचा मसुदा तयार करायला सांगितला. मजकूर ठरलेला असतो. मयताने सुरक्षा जाळी स्वतः काढली, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, नातेवाइकांची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. खाली वडिलांची सही घेतली की झालं.

वडील सावेडीहून एसटीने आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, नगरच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले. पत्नी आठ वर्षांपूर्वी गेलेली, आणि हा एकुलता एक मुलगा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक सहा इंची पट्टी. जबाब त्यांनी दोनदा वाचला. मग एका ओळीखाली पट्टी धरली.

"एवढं वाक्य सोडून बाकीच्यावर सही करतो, साहेब."

'मयताने जाळी स्वतः काढली' ही ती ओळ होती.

"गुरुजी, परिस्थितीवरून तसंच दिसतंय. पाना त्याच्या पिशवीत होता."

"पाना आमच्या घरचा आहे. मी ओळखला. पण माझा मुलगा घरात उघडी वायर राहू द्यायचा नाही. स्कूटरवर मागं बसायचं तर मलाही हेल्मेट घालायला लावायचा. त्यानं जाळी काढली असेल तर मला तसं सांगा, मी सही करीन. पण खात्री करून सांगा."

मी त्यांना दोन दिवसांनी या म्हणालो. ते दुसऱ्याच दिवशी आले, आणि मग रोज येत राहिले. अकराला यायचे, ठाणे अंमलदाराच्या समोरच्या बाकावर बसायचे, दोनच्या एसटीने परत जायचे. भरपाईचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. माझा अनुभव असा, की ठाण्यात येऊन आरडाओरडा करणारा माणूस तीन दिवसांत थकतो, गप्प बसणारा थकत नाही. त्यांना टाळण्यासाठी मी मागच्या दाराने जीपकडे जाऊ लागलो. ठाण्याचा प्रभारी अधिकारी एका निवृत्त शिक्षकाला चुकवतो आहे, हे बघून माझा हवालदार मिशीत हसायचा.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर एक आवाज आला. पाथर्डीकडचा माणूस असावा, बोलण्यावरून कळत होतं.

"साहेब, त्या सात नंबरच्या पिरेसची जाळी कुठं हाय ते इचारा कंपनीला."

"कोण बोलतंय?"

"नाव इचारू नका. जाळी तिथं मशीनपाशी न्हवती ना? मंग काढल्याली जाळी गेली कुठं, येवढंच बघा. त्या पोराचा काय बी दोष न्हाई."

फोन बंद झाला. मी खुर्चीत बसून राहिलो. खबर साधी होती आणि ती मलाच सुचायला हवी होती. त्याने जाळी त्या सकाळी काढली असती, तर ती मशीनजवळ टेकवून ठेवलेली सापडली असती. पंचनाम्यात जाळीचा उल्लेख कुठेच नव्हता. मी 'जागेवर नाही' एवढंच लिहिलं होतं आणि पुढे गेलो होतो. माझ्या हाताखालच्या फौजदाराने असा पंचनामा केला असता तर मी त्याला दिवसभर झापलं असतं.

मग मी मुद्देमालातला मयताचा मोबाईल मागवला. तो उघडायचा क्रमांक वडिलांनी सांगितला, आईचं जन्मसाल. फोनमध्ये कारखान्यातल्या त्या विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, आणि दर सोमवारी सुपरवायझरने त्यात एक फोटो टाकलेला होता. पांढऱ्या फळ्यावर रंगीत पेनांनी काढलेला स्तंभालेख. विभागातल्या बाराही ऑपरेटरांची नावं, आणि प्रत्येकाने मागच्या आठवड्यात एका पाळीला सरासरी किती नग काढले त्याचा स्तंभ. उंच ते हिरवे, मधले पिवळे, सगळ्यांत बुटका लाल. मागाहून कळलं, की ज्याचा स्तंभ लाल, त्याने सोमवारी पाळीच्या सुरुवातीला फळ्याशेजारी उभं राहून सगळ्यांपुढे कारण सांगायचं, अशी तिथली पद्धत होती. लागोपाठ पाच सोमवार तो लाल स्तंभ या मुलाचा होता. सहाव्या सोमवारी तो हिरवा झाला, आणि दोनच दिवसांनी, बुधवारी, मुलगा गेला.

यांतले दोन फोटो त्याने वडिलांना पाठवले होते. एक लाल स्तंभाचा, एक शेवटचा हिरव्याचा. दोन्हींखाली वडिलांचं एकेक उत्तर होतं. मी ती उत्तरं वाचली आणि त्या बाबतीत कोणाशी काही बोललो नाही.

फोटोंच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या आणि बाकावर बसलेल्या गुरुजींना आत बोलावलं. मयताच्या नातेवाइकांना असे कागद दाखवणं नियमात बसतं की नाही, याचा मी विचार केला नाही. मी त्यांना विचारलं, "गुरुजी, तुम्ही हे शाळेत शिकवलं असेल. काही कळतंय का बघा."

त्यांनी चष्मा पुसला. खिशातली पट्टी काढून पहिल्या स्तंभाशी धरली, मग खाली सरकवली.

"साहेब, पायथ्याला शून्य कुठं आहे?"

मी वाकून बघितलं. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे शून्य असतं तिथे, बारीक अक्षरांत एक हजार लिहिलेलं होतं.

"यानं हजारापासून सुरुवात केलीय," ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला झाला. "म्हणजे प्रत्येकाचे पहिले हजार नग जमिनीत गाडले. माझ्या मुलाचे एक हजार नव्वद. दिसतात फक्त नव्वद. याचे एक हजार एकशे साठ, दिसतात एकशे साठ. शंभराला सहा-सात नगांचा फरक, आणि बघणाऱ्याला वाटतं हा पोरगा निम्मंच काम करतो. मध्ये अक्ष तोडायचा असेल तर तिथं नागमोडी खूण करतात, बघणाऱ्याला कळावं म्हणून. सातवीतल्या मुलानं असा आलेख काढला असता तर मी पहिल्यांदा हेच..."

ते बोलता बोलता थांबले. पट्टी टेबलावर ठेवली आणि पाणी मागितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, उन्हातून आल्यामुळे असेल. हवालदाराने दिलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं. ते म्हणाले, "या प्रती मला एक दिवस घरी न्यायला मिळतील का?" मी झेरॉक्स काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी ते आलेखाचा कागद घेऊन आले. रात्रभर बसले असावेत. फळ्यावर सुपरवायझरने माणसं उंचीच्या क्रमाने लावली होती, पहिला कोण आणि शेवटचा कोण हेच दिसावं म्हणून. गुरुजींनी ती मशीनप्रमाणे लावली. सात नंबरच्या प्रेसवर तीन पाळ्यांत तीन ऑपरेटर. त्या तिघांचे स्तंभ शेजारी शेजारी, नऊ आठवड्यांचे नऊ गट, आणि पायथ्याला ठळक शून्य. मी आयुष्यात इतका स्वच्छ कागद ठाण्यात पाहिला नव्हता.

"पहिले तीन आठवडे बघा," ते पट्टीने दाखवत म्हणाले. "तिघंही सारखे. हजार नव्वदच्या आसपास. चौथ्या आठवड्यात दोघं एकदम साठ-सत्तर नगांनी वर जातात. मशीन तेच, पत्रा तोच. तिसरा तिथंच राहतो. पाच आठवडे तिथंच. तो तिसरा माझा मुलगा."

मी नोकरीत कितीतरी नकाशे, तक्ते, कॉल डिटेल्स पाहिले होते. पण त्या कागदावर गोष्ट लिहावी तशी लिहिलेली होती. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी त्या मशीनवर काहीतरी बदललं होतं आणि ते तिघांपैकी दोघांनाच लागू झालं होतं. जाळी तेव्हाच निघाली होती, आणि हा एकटा जाळी लावून काम करत होता.

"आणि नववा आठवडा?" मी विचारलं.

नवव्यात तिन्ही स्तंभ सारखे उंच होते. गुरुजींनी त्या गटावरची पट्टी उचलली. "ते तुम्ही शोधा, साहेब. मला तेवढंच हवंय. पाच आठवडे ज्यानं ऐकलं नाही, त्यानं सहाव्यांदा स्वतःच्या हातानं जाळी काढली का?"

मी बंद करायचा मसुदा फाडून टाकला. तासाभरात कारखान्यात जाऊन फाटकावरची हजेरी ताब्यात घेतली. तिथे येण्याची वेळ बोटाच्या ठशावर नोंदली जाते, त्यात कोणाला हात घालता येत नाही. त्या चौथ्या सोमवारपर्यंत मुलगा पाळीच्या पाच-सात मिनिटं आधी यायचा. मंगळवारपासून तो रोज पंचवीस मिनिटं आधी येऊ लागला. पाच आठवडे, एकही दिवस न चुकता. नवव्या आठवड्याच्या, म्हणजे मृत्यूच्या आदल्या आठवड्याच्या, सोमवारीही तो पंचवीस मिनिटं आधीच आला होता. त्यानंतर मंगळवारी पाच मिनिटं आधी, बुधवारी पाच मिनिटं, गुरुवारी पाच मिनिटं. तो सोमवार मी लाल पेन्सिलीने गोल केला.

सुपरवायझरला दुपारी ठाण्यात बोलावलं. चाळिशीचा, नीटनेटका, घाबरलेला माणूस. चौकशीची माझी एक पद्धत होती, ज्या गोष्टीची तयारी करून माणूस आला असेल ती सोडून दुसरीकडून सुरुवात करायची. तो जाळीवरची उत्तरं पाठ करून आला होता. मी त्याच्यापुढे फळ्याचा फोटो ठेवला.

"आलेख सुंदर काढता तुम्ही. हजारापासून का सुरू करता?"

तो गोंधळला. "फळा लहान आहे, साहेब. शून्यापासून काढला तर सगळे सारखेच दिसतात."

"मग ते सारखेच नव्हते का?"

मी त्याला चहा सांगितला. चहा येऊन गार झाला तरी त्याने कपाला हात लावला नाही. नंतर तो जे बोलला ते मी कागदावर उतरवून घेतलं, पण त्याचं पहिलं वाक्य कागदावर नाही. तो म्हणाला, "माझाही फळा आहे साहेब, पुण्याला. तिथं आमच्या कारखान्याचा स्तंभ लाल होता."

मला माझी क्राईम मीटिंग आठवली. मी त्याच्याकडे बघायचं टाळून पुढचा प्रश्न विचारला.

उत्पादन वाढत नव्हतं म्हणून व्यवस्थापकांनी तोंडी सांगितलं होतं, जाळ्या काढा. लेखी काही नाही. सात नंबरपासून सुरुवात झाली. दोन ऑपरेटरांनी ऐकलं, तिसरा ऐकेना. टूलरूममधून पाना द्यायचं बंद केलं, तर त्याने घरून पाना आणला. रोज लवकर यायचा, कोपऱ्यात ठेवलेली जाळी एकट्याने उचलायचा, आठ बोल्ट आवळायचा आणि मगच काम सुरू करायचा. पुढच्या पाळीचा माणूस येऊन ती परत काढायचा. शेवटी नवव्या सोमवारी सकाळी सुपरवायझरने जाळीच तिथून हलवली.

"त्या दिवशी तो लवकर आला होता," मी म्हणालो.

"हो साहेब. सगळीकडे शोधत होता. मला येऊन विचारलं, जाळी कुठं आहे? मी म्हणालो, काम करायचं असेल तर कर, नाहीतर फाटक उघडं आहे."

आम्ही पंच घेऊन गेलो. कारखान्याच्या मागे भंगाराच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली ती जाळी मिळाली. सुपरवायझरच्या खणात एका रुमालात आठ बोल्ट बांधलेले होते.

फोन करणारा माणूसही त्या संध्याकाळी आपणहून आला. त्याच मशीनवरचा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, माझ्या अंदाजाप्रमाणे पाथर्डीकडचाच. उभ्यानेच रडायला लागला.

"आमीच काढायचो साहेब. तो लावायचा, आमी काढायचो. मायबाप अजून कोयता घिऊन ऊसतोडीला जात्यात माझे. मला तिथं माघारी न्हवतं जायचं, फळ्यावर लाल व्हायचं न्हवतं. त्याला आमी 'नव्वद' म्हनायचो, साहेब. फळ्यावर तेवढाच दिसायचा ना. नव्वद आला रे, नव्वद आला, म्हनून लई हासायचो. तो बी हासायचा. म्हनायचा, तुमचा हात तुमी सांभाळा, माझा मी सांभाळतो."

"मग शेवटच्या आठवड्यात?"

"शेवटच्या आठवड्यात हासला न्हाई तो."

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा मी सरकारतर्फे दाखल केला. व्यवस्थापक आणि सुपरवायझर आरोपी. कारखाना निरीक्षकांचा अहवाल, फाटकाची हजेरी, जाळी, बोल्ट आणि गुरुजींचा तो आलेख, सगळं दोषारोपपत्राला जोडलं. मी निवृत्त झालो तेव्हा खटला चालू होता.

तपास पुरा झाल्यावर गुरुजींना सांगायला मी स्वतः सावेडीला गेलो. पुढच्या खोलीत मुलाचा फोटो, त्याखाली पवित्र शास्त्र, आणि खुंटीला हेल्मेट. मी सगळं सांगितलं. पाना कशासाठी होता तेही सांगितलं.

"म्हणजे त्यानं काढली नाही," ते म्हणाले.

"नाही, गुरुजी. त्याच्याकडून ती काढून घेतली."

मला वाटलं होतं, आता तरी त्यांना थोडं बरं वाटेल. त्यांनी उठून खुंटीवरचं हेल्मेट सरळ केलं. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही त्याच्या फोनमधली माझी उत्तरं वाचलीत ना?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. मी हो म्हणालो.

लाल स्तंभाच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, 'सगळ्यांत मागे का? कामात लक्ष दे.' आणि हिरव्या स्तंभाखाली, मुलगा जायच्या दोन दिवस आधी, लिहिलं होतं, 'शाब्बास!'

"तीस वर्षं मुलांना सांगितलं, स्तंभ बघण्याआधी पायथा बघा," ते म्हणाले. "माझ्याच मुलाचा आलेख आला आणि मी फक्त रंग बघितला. तुमच्या टेबलावर पट्टी लावली तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी बघितलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, अरे, बाकीचे सत्तर नग जास्त कुठून काढतात? तो सांगायलाच बसला होता. नाहीतर फोटो कशाला पाठवेल?"

मी हातातली टोपी फिरवत बसलो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवीन भरती झालेले अधिकारी कधीकधी विचारतात. मी त्यांना पंचनाम्याचं सांगतो. जी वस्तू जागेवर नाही, ती कुठे आहे हे लिहिल्याशिवाय खाली सही करू नका. दुसरी गोष्ट मी सगळ्यांना सांगत नाही. पुढच्या क्राईम मीटिंगला मी पडद्यावरच्या स्तंभांचा पायथा बघितला. तोही शून्यापासून सुरू होत नव्हता. माझ्या आणि शेजारच्या ठाण्यात दोन प्रकरणांचा फरक होता, आणि त्या दोन प्रकरणांच्या लाजेपायी मी एका मेलेल्या मुलावर त्याने न केलेली चूक लिहून मोकळा होणार होतो. बाकावर बसून राहणारा बाप नसता तर ती ओळ कायमची राहिली असती. मी वाईट अधिकारी नव्हतो असं मला वाटतं. पण त्या एका महिन्यात मी माणसाकडे बघायचं सोडून स्तंभाकडे बघत होतो, आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं.

माझी बदली व्हायच्या थोडं आधी न्यायालयाच्या आदेशाने मुलाचा मोबाईल वडिलांना परत द्यायचा होता. मुद्देमाल देताना वस्तू चालू स्थितीत आहे हे दाखवून, पावतीवर सही घ्यावी लागते. गुरुजी माझ्या टेबलासमोर बसले होते. हवालदाराने फोन चार्ज करून सुरू केला, क्रमांक टाकला आणि नेट चालतं का हे बघायला स्वतःच्या मोबाईलचं नेट जोडून दिलं.

फोन वाजला. एक संदेश आला होता, पाठवणाऱ्याचं नाव 'पप्पा'. फोन माझ्या हातात होता, त्यामुळे मला तो दिसला. आलेखाच्या कागदाचा फोटो होता. सात नंबरच्या प्रेसचे तीन स्तंभ, शून्यापासून काढलेले, डोळे बारीक करून बघितलं तरच फरक कळावा इतके सारखे. खाली लिहिलं होतं, 'बाळा, तू मागे नव्हतास. पप्पांचं चुकलं.' पाठवून दोन आठवडे झाले होते.

मी फोन टेबलावर ठेवून पावती पुढे सरकवली. गुरुजी सही करत नव्हते. ते स्वतःच्या मोबाईलकडे बघत होते. तिथे त्या संदेशाखाली इतके दिवस बरोबरची एकच खूण होती, तिच्या आता दोन झाल्या होत्या.

"पोचलं," ते म्हणाले.